रणगाडा : चालता किल्ला



आपल्या मावळात किल्ले पुष्कळ आहेत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची. किल्ल्याला तट असतो, बुरूज असतो आणि बुरुजावर तोफ असते. पण किल्ला जागचा हलत नाही. शत्रू दुसऱ्या वाटेने गेला तर किल्ला त्याच्या मागे जात नाही. म्हणून माणसाने चालता किल्ला तयार केला. त्याचे नाव रणगाडा. रणगाड्यालासुद्धा तट, बुरूज आणि तोफ असते, आणि शिवाय तो शेतातून, चिखलातून, वाळूतून चालतो.

ही माहिती मी गुरुजींच्या मदतीने लिहिली आहे. आमच्या गावात सैन्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. ते रणगाडा चालवायचे. रणगाड्याच्या पलटणीला रिसाला म्हणतात. पूर्वी रिसाला घोड्यांचा होता, म्हणून तिथल्या साध्या शिपायाला अजूनही सवार म्हणतात आणि हवालदाराला दफेदार म्हणतात. आजोबा दफेदार होते. त्यांनी मला खूप सांगितले.

टँक हे नाव कसे पडले?

पहिले महायुद्ध चालू असताना १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीजवळ इंग्रजांनी पहिल्यांदा रणगाडे लढाईत आणले. ते गुप्तपणे तयार केले होते. कोणी विचारलं तर सांगायचं, ही पाण्याची टाकी आहे. इंग्रजीत टाकीला टँक म्हणतात. तेच नाव पुढे चिकटले. आपल्या मराठीतले नाव जास्त चांगले आहे. रणात चालणारा गाडा तो रणगाडा.

आपला अर्जुन

आपल्या देशात बनलेला पहिला रणगाडा म्हणजे विजयंता. तो १९६५ साली मद्रासजवळच्या (आता चेन्नई) आवडी येथील कारखान्यातून बाहेर आला. तो आता सेवेत नाही. काही गावांत चौकात ठेवलेला दिसतो.

आपल्याच लोकांनी रेखाटलेला मोठा रणगाडा म्हणजे अर्जुन. त्याचे काम १९७४ साली सुरू झाले आणि २००४ साली पहिले रणगाडे सैन्याला मिळाले. म्हणजे तीस वर्षे गेली! पुढे त्यात ७२ सुधारणा केल्या आणि नव्या रणगाड्याला अर्जुन मार्क-१ए असे नाव दिले. १४ फेब्रुवारी २०२१ रोजी चेन्नईला पंतप्रधानांच्या हस्ते तो सैन्याकडे सोपवला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असे ११८ रणगाडे बनवण्याची मागणी आवडीच्या कारखान्याला दिली गेली.

या नव्या अर्जुनाचे वजन ६८ टन आहे. भरलेली एसटी १५ टनांची धरली तर साडेचार एसट्या होतात. आत माणसे मात्र चारच बसतात.

१. कमांडर. तो सर्वांचा प्रमुख. तो चहूकडे पाहतो आणि हुकूम देतो.
२. गोलंदाज. हा क्रिकेटमधला नव्हे बरं का! तोफेचा नेम धरून गोळा सोडणारा तो गोलंदाज.
३. लोडर. तो तोफेत गोळा भरतो.
४. ड्रायव्हर. तो पुढे खाली बसतो. आमचे आजोबा हेच काम करायचे.

आपल्या सैन्यात रशियाकडून घेतलेला टी-९० नावाचा रणगाडाही आहे. त्याला आपण भीष्म म्हणतो. त्यात तोफ भरायचे काम यंत्र करते, म्हणून तीनच माणसे लागतात. त्याचे वजन सुमारे ४६ टन आहे.

तोफ

अर्जुनाच्या तोफेची नळी आतून १२० मिलिमीटर म्हणजे १२ सेंटीमीटर रुंद आहे. पाटीवर १२ सेंटीमीटरचे वर्तुळ काढून बघा, म्हणजे गोळा केवढा ते कळेल. ही तोफ आपल्या पुण्यात रेखाटली आहे. पाषाणला एआरडीई नावाची संशोधन संस्था आहे, तिथे.

नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळा भोवऱ्यासारखा गरगर फिरत बाहेर पडतो. फिरणारा भोवरा पडत नाही, तसा फिरणारा गोळा डगमगत नाही.

गोळ्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात स्फोटक दारू नसते. तो नुसता लांब, बारीक, जड धातूचा बाण असतो. पोत्याला दाभण टोचतो तेव्हा ते लगेच आत जाते. लाटण्याने तेवढाच जोर लावला तर पोत्याला काही होत नाही. कारण दाभणाचा सगळा जोर टोकावर येतो. हा बाण तसाच शत्रूच्या पोलादात घुसतो.

दुसरा गोळा मऊ असतो. आपण भिंतीवर गोवरी थापतो ना, तसा तो शत्रूच्या रणगाड्यावर जाऊन थापला जातो आणि मग फुटतो. बाहेरून भोक पडले नाही तरी हादऱ्याने आतल्या बाजूचे तुकडे उडतात.

आता याच तोफेतून क्षेपणास्त्रसुद्धा सोडता येते. ते लेसर किरणाच्या मागोमाग निशाणावर जाते. २२ सप्टेंबर २०२० रोजी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) के. के. रेंज या मैदानावर अर्जुनातून ते सोडले आणि ३ किलोमीटरवरचे निशाण उडवले. आपल्या गावापासून तीन किलोमीटरवर काय आहे ते आठवा, म्हणजे नेम किती लांबचा ते समजेल. हे क्षेपणास्त्रही पुण्याच्या एआरडीईने केले. त्यांना पुण्याचीच एचईएमआरएल आणि डेहराडूनची आयआरडीई या संस्थांनी मदत केली.

डोळे

रणगाड्याला खिडक्या नसतात. आतून दुर्बिणीतून पाहावे लागते.

कोंबडी हातात धरून तिचे अंग हळूहळू वरखाली करा. तिची मान हवेत जागच्या जागी राहते. रणगाड्याची तोफ अशीच आहे. रणगाडा खाचखळग्यातून धडधडत जातो, पण तोफ निशाणावर स्थिर राहते. हे काम यंत्र करते. म्हणून चालता चालता नेम धरता येतो.

अंतर मोजायला लेसर असतो. लोणावळ्याला नागफणीच्या दरीत हाक मारली की थोड्या वेळाने ती परत येते. दरी जितकी रुंद तितका उशीर. लेसरचा उजेड असाच निशाणावर जाऊन परत येतो आणि यंत्र त्या वेळावरून अंतर काढते. उजेड फार वेगाने जातो, म्हणून क्षणात उत्तर मिळते.

रात्रीसाठी उष्णता पाहणारी दुर्बीण आहे. अंधाऱ्या गोठ्यात म्हैस दिसत नाही, पण जवळ गेलं की तिची ऊब लागते. ही दुर्बीण लांबूनच ऊब बघते. माणूस, गरम इंजिन, नुकतीच उडवलेली तोफ सगळे तिच्यात दिसते.

तट म्हणजे चिलखत

अर्जुनाच्या चिलखताचे नाव कांचन आहे. ते सोन्याचे नाही! हैदराबादला कांचनबाग नावाचा भाग आहे. तिथल्या प्रयोगशाळेत ते तयार झाले म्हणून कांचन. त्यात वेगवेगळ्या पदार्थांचे थर आहेत. कोणते आणि किती, ते गुप्त आहे.

चिलखत तिरके का लावतात? एक काकडी सरळ कापा आणि दुसरी तिरकी कापा. तिरकी चकती लांब होते, कारण सुरीला जास्त काकडी कापावी लागते. तसेच तिरक्या पत्र्यातून जाताना गोळ्याला जास्त पोलाद कापावे लागते. पत्रा तोच, पण जाड झाल्यासारखा.

त्याच्यावर स्फोटकांच्या चपट्या पेट्या लावतात. शत्रूचा गोळा आदळला की पेटी बाहेरच्या बाजूला फुटते आणि गोळ्याचा जोर मोडते. अशा पेट्यांचे काम पुण्याच्या एचईएमआरएलमध्ये झाले आहे.

शत्रूने आपल्यावर लेसर टाकला तर आत लगेच इशारा मिळतो. मग धुराचे गोळे उडवून धुराच्या मागे लपता येते. सैन्यासाठी धूर आणि उजेड देणारा दारूगोळा आपल्या शेजारच्या देहूरोडच्या कारखान्यात होतो.

विषारी वायू किंवा अणुबॉम्बची धूळ आत येऊ नये याचीही सोय असते. आपल्या लोणावळ्याला नौदलाचे आयएनएस शिवाजी आहे. तिथे जहाजावरच्या लोकांना याच संकटापासून बचाव करायला शिकवतात. जहाज असो की रणगाडा, दार बंद करून आतली हवा गाळून घ्यायची ही युक्ती एकच.

आग

रणगाड्यात सगळ्यात जास्त भीती आगीची असते. आत डिझेल आणि दारूगोळा दोन्ही असते आणि दारे लहान असतात. हे सांगताना आजोबा थोडा वेळ गप्प बसले.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. ते पूना हॉर्स या रिसाल्यात होते. हा रिसाला १८१७ साली पुण्यात उभा राहिला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याला गोळा लागून आग लागली. वरिष्ठांनी बाहेर पडायला सांगितले. पण आपली तोफ अजून चालू आहे, म्हणून त्यांनी रणगाडा सोडला नाही. ते लढत राहिले आणि शत्रूला पुढे येऊ दिले नाही. त्यात त्यांना वीरमरण आले. त्यांचे वय २१ वर्षे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आमचा मोठा चुलतभाऊ २१ वर्षांचा आहे. तो कॉलेजात जातो.

त्या काळच्या रणगाड्यांत आजच्यासारखी आग विझवायची सोय नव्हती. अर्जुनात आग ओळखणारे यंत्र आहे. ज्वाळा दिसताच डोळ्याची पापणी लवेपर्यंत आग विझवणारा वायू सुटतो. माणसाने बटण दाबायची वाट बघत नाही. नव्या अर्जुनात गोळे ठेवायच्या पेटीत प्रत्येक गोळ्याला वेगळे झाकण आहे. लोडर एकच झाकण उघडतो, बाकीची बंद राहतात.

इंजिन आणि नांगर

अर्जुनाचे इंजिन १४०० अश्वशक्तीचे आहे. आपल्याकडचा शेतीचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा धरला तर ४० ट्रॅक्टर एकत्र जुंपल्यासारखे झाले. हे इंजिन जर्मन आहे. आपल्या देशातही १५०० अश्वशक्तीचे इंजिन तयार होत आहे. ते २० मार्च २०२४ रोजी म्हैसूरला पहिल्यांदा चालवून पाहिले.

नव्या अर्जुनाच्या पुढे नांगर लावता येतो! पण पेरणीसाठी नाही. शत्रू जमिनीत सुरुंग पुरून ठेवतो. नांगर ते उकरून पट्ट्यांच्या वाटेतून बाजूला सारतो.

पट्टे आणि वजन

आता सगळ्यात महत्त्वाचे.

रणगाड्याची चाके सरळ जमिनीवर चालत नाहीत. अर्जुनाला एका बाजूला ७ अशी दोन्हीकडे मिळून १४ चाके असतात. त्यांच्याभोवती लोखंडी पट्टा असतो. गाडा स्वतःच पुढे रस्ता अंथरतो, त्याच्यावरून जातो आणि मागून तो उचलून घेतो. त्यामुळे वजन मोठ्या जागेवर पसरते.

गुरुजींनी आम्हाला एक हिशेब घातला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात मोठे पूल बांधताना एक ७० टनांची पट्ट्याची गाडी पुलावरून जाणार असे धरून हिशेब करतात. म्हणजे रणगाड्यासारखी गाडी. तिच्या एका पट्ट्याची जमिनीला टेकलेली लांबी ४५७ सेंटीमीटर आणि रुंदी ८४ सेंटीमीटर असते.

४५७ × ८४ = ३८,३८८ चौरस सेंटीमीटर.
दोन पट्टे, म्हणून ७६,७७६ चौरस सेंटीमीटर.
वजन ७० टन म्हणजे ७०,००० किलो.

७०,००० ला ७६,७७६ ने भागले तर एक किलोपेक्षा कमी येते. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे ९०० ग्रॅम.

आता बैल घ्या. बैल ४०० किलोचा आणि एक खूर ८० चौरस सेंटीमीटरचा धरू. चार खूर मिळून ३२०. ४०० भागिले ३२० म्हणजे सव्वा किलो. बैलाचा दाब जास्त आला! आमचा कोणाचाच विश्वास बसला नाही. आम्ही हिशेब पुन्हा केला. तेच उत्तर आलं. म्हणून भाताच्या खाचरात बैलाचा पाय रुततो आणि रणगाडा मात्र चिखलातून जाऊ शकतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पट्ट्याने दाब कमी झाला, वजन कमी झाले नाही. जमीन एका एका जागी दाब सोसते, पण पुलाला सगळे वजन तोलावे लागते. ६८ टन म्हणजे ६८ टन. म्हणून रिसाला पुढे निघण्याआधी वाटेतले पूल तपासतात. किती टन चालेल ते ठरवतात. पुलाची ताकद कमी असेल तर रणगाडा त्यावर नेत नाहीत, कितीही घाई असली तरी. आजोबा म्हणाले, "पुलाला दम देऊन चालत नाही."

पूल नसेल तर सैन्य स्वतःचा पूल घेऊन येते. पुण्याजवळ दिघीला आर अँड डीई ही संस्था आहे. तिने सर्वत्र नावाचा पूल केला. तो पाच मोठ्या ट्रकांवर घडी करून ठेवतात. एका ट्रकावर १५ मीटरचा तुकडा. पाच तुकडे जोडले की ७५ मीटर. त्यावरून रणगाडा नदी ओलांडतो.

वजनाची ही अडचण डोंगरात जास्त येते. लडाखमध्ये रस्ते अरुंद, पूल लहान आणि हवा विरळ. विरळ हवेत इंजिनाचा दमसुद्धा कमी होतो. म्हणून आता झोरावर नावाचा हलका रणगाडा केला आहे. तो जुलै २०२४ मध्ये गुजरातेत हजिरा येथे दाखवला. त्याचे वजन २५ टन आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला ४२०० मीटरपेक्षा उंच जागी नेऊन तोफ उडवून पाहिली. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे ती जागा कळसूबाईच्या अडीच पट उंच. पण झोरावरचे चिलखत अर्जुनाइतके जड नाही. तट जाड केला तर वेग कमी होतो आणि पूल मिळत नाही. तट पातळ केला तर आतल्या माणसांना धोका वाढतो. म्हणून एकच रणगाडा सगळीकडे चालत नाही. वाळवंटात अर्जुन आणि डोंगरात झोरावर.

रणगाडा कुठे पाहायला मिळेल?

अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १९९४ साली सुरू झाले. पुण्याहून ते सुमारे १२० किलोमीटर आहे. तिथे देशोदेशीचे सुमारे ५० रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. इंग्रजांचा चर्चिल, लढाईत जिंकलेला पॅटन आणि आपला विजयंता तिथे आहे. अहिल्यानगरलाच रिसाल्याचे शिक्षण केंद्र आहे. खेतरपालांचा रणगाडा तिथे जपून ठेवला आहे. त्याचे नाव फामागुस्ता. गुरुजी, शाळेची सहल एकदा तिकडे न्यावी ही आमची विनंती आहे.

आपल्यासाठी

हा लेख रणगाड्याचा आहे, पण वजनाचा हिशेब आपल्यालाही लागतो. १५ जून २०२५ रोजी आपल्याच मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला. त्यावर रणगाडा नव्हता. पावसाळ्यात नदी बघायला आलेली माणसे होती. चार जणांचा जीव गेला आणि पुष्कळ जखमी झाले.

एक माणूस ६० किलोचा धरा. शंभर माणसे म्हणजे ६,००० किलो. सहा टन! माणूस हलका असतो, पण गर्दी जड असते.

म्हणून पावसाळ्यात भुशी धरणाकडे, कार्ल्याकडे किंवा ओढ्यावरच्या साकवावर गेलात तर पाटी वाचा. साकव जुना असेल तर थोडे थोडे जण जा. मध्ये थांबून फोटो काढू नका. आधीचे लोक पलीकडे गेले की मग पुढे निघा. आईबाबांनाही सांगा. ६८ टनांचा रणगाडा पुलाजवळ आधी थांबतो आणि विचारतो, मग आपण का थांबू नये?

जय जवान, जय किसान!

करून पाहा

१. चौकटीच्या कागदावर आपले दोन्ही पाय ठेवून कडेने रेघ काढा. आतल्या चौकटी मोजा. आपले वजन त्या संख्येने भागा. आपला दाब रणगाड्यापेक्षा कमी की जास्त?
२. ओल्या मातीवर वीट आधी आडवी ठेवा, मग उभी ठेवा. कोणती जास्त रुतते? का?
३. पाण्याच्या टाकीवरून नाव पडले ते कोणाचे? उत्तर याच लेखात आहे.

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. मावळ, जि. पुणे